जळण्याआधी मोजलेले नोत्र दाम

१५ एप्रिल २०१९ ची संध्याकाळ. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपरातून धूर निघू लागला आणि दीड तासाच्या आसपास शिशाने मढवलेला त्याचा उंच लाकडी सुळका जळत जळत कलंडला. पडताना तो खालचे दगडी छत फोडून थेट आत कोसळला. आपल्यापैकी अनेकांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिले असेल. ओकच्या जुन्या तुळयांचे अवाढव्य छप्पर त्या रात्रीत भस्म झाले. सकाळ झाली तेव्हा दोन्ही मनोरे, भिंती आणि दगडी छताचा बराचसा भाग जागेवर होता. कॅथेड्रल वाचले, अशी बातमी जगभर गेली.

घटनास्थळी पोहोचलेल्या अभियंत्यांना मात्र असे म्हणायची सोय नव्हती. दगड आगीत भाजले होते. अग्निशमन दलाने मारलेले पाणी छतात मुरले होते. छताला तीन ठिकाणी भगदाडे पडली होती. जे उभे होते ते आणखी किती दिवस उभे राहील? आत माणसे पाठवायची की नाही? जोराचा वारा सुटला तर? आधार द्यायचा तर आधी कुठे द्यायचा?

अशा प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देता येत नाहीत. त्यासाठी इमारत आगीपूर्वी नेमकी कशी होती, कोणती भिंत किती झुकलेली होती, कमानीचा बाक किती होता, हे मिलिमीटरच्या हिशेबात माहीत असावे लागते. सुदैवाने ती मापे होती. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या एका प्राध्यापकाने २०१० मध्ये सबंध कॅथेड्रल लेझरने मोजून ठेवले होते. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजात ते शिकवत असत. आगीच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी हे काम आगीसाठी केले नव्हते. आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी ही इमारत कशी बांधली, एवढेच त्यांना शोधायचे होते.

अब्जभर ठिपके

लेझर स्कॅनर तिकाटण्यावर ठेवलेले एक फिरते यंत्र असते. ते प्रकाशाचा बारीक झोत भिंतीवर टाकते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात तो जेमतेम ३० सेंटिमीटर, आपल्या एका फूटपट्टीएवढे अंतर कापतो. भिंत दहा मीटरवर असेल, तर जाऊन येऊन वीस मीटर. त्याला सेकंदाचे साधारण ६७ अब्जांश लागतात. एवढा सूक्ष्म वेळ मोजता आला की अंतर कळते. झोत कोणत्या दिशेला सोडला हे यंत्राला माहीत असतेच. अंतर आणि दिशा मिळून भिंतीवरच्या एका ठिपक्याची जागा ठरते. यंत्र फिरत राहते आणि असे लाखो ठिपके गोळा करते.

एका जागेवरून सगळी इमारत दिसत नाही. खांबामागचा कोपरा, छताची वरची बाजू, बाहेरच्या कमानी यांसाठी यंत्र हलवावे लागते. टॅलन यांनी पन्नासहून अधिक ठिकाणांहून नोत्र दाम मोजले. ती सारी मापे एकमेकांत बसवल्यावर अब्जाहून अधिक ठिपक्यांचा एक मेघ तयार झाला. संगणकाच्या पडद्यावर तो फिरवला की कॅथेड्रल धुक्याचे बनवल्यासारखे दिसते. पण त्यातल्या कोणत्याही दोन ठिपक्यांमधले अंतर विचारले, तर उत्तर नेमके मिळते.

त्या ठिपक्यांनी आगीपूर्वीच काही गोष्टी सांगितल्या होत्या. आतले खांब वरून पाहिले तर एका रेषेत नाहीत. पश्चिमेकडच्या दर्शनी भागातली राजांच्या पुतळ्यांची रांग ओळंब्याला जवळजवळ फूटभर चुकलेली आहे; बांधकाम चालू असतानाच खालची जमीन दबल्याची ही खूण. उलट उंच मुख्य भिंती मात्र शतकानुशतके जागच्या हललेल्या दिसत नाहीत. बाहेरून रेटा देणाऱ्या कमानी नंतर जोडल्या की मुळापासून होत्या, हा इतिहासकारांचा जुना वाद होता. भिंती बाहेर झुकल्या नाहीत, म्हणजे त्यांना पहिल्यापासून आधार असला पाहिजे, असे टॅलन यांनी या मापांवरून दाखवून दिले.

आगीनंतर समाजमाध्यमांवर आणखी एक गोष्ट फिरली. एका लोकप्रिय व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब नोत्र दाम आहे, आता त्यावरूनच ते पुन्हा बांधणार, अशी. तो गेम, ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’, २०१४ मध्ये आला आणि त्यातले कॅथेड्रल खरोखर देखणे आहे. पण गेमचा काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा, म्हणजे १७८९ च्या आसपासचा, आणि त्यातल्या कॅथेड्रलवर दिसणारा सुळका १८५९ मध्ये पूर्ण झालेला! खेळणाऱ्याला ते बरे दिसावे म्हणून केलेले चित्र होते. डोळ्यांना पटणारे चित्र आणि भार पेलण्याचे गणित करता येईल असे मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जतनासाठी लागते ती दुसरी.

दगड चिरडून पडत नाही, निसटून पडतो

लोखंड ओढलेही जाते आणि दाबलेही जाते. दगडाचे तसे नाही. दाबायला तो जबरदस्त, ओढायला अगदी कच्चा. दोन दगडांमधला चुना तर त्याहून कच्चा. म्हणून जुन्या गवंड्यांनी इमारती अशा रचल्या की प्रत्येक दगड दाबातच राहील. कमान म्हणजे हेच. वरचे वजन बाजूच्या दगडांत, तिथून खांबात, खांबातून पायात असे उतरत जाते.

हे वजन कमानीतून कोणत्या वाटेने उतरते ते समजून घ्यायला एक साखळी पुरते. दोन टोकांना धरून साखळी सैल सोडा. ती आपोआप एक झोळदार वळण घेते, कारण तिच्यात नुसता ताण असतो. तेच वळण उलटे केले की नुसता दाब असलेली कमान मिळते. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये हे सूत्र लॅटिन अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखे छापले. उकल लोकांना कळली ती त्याच्या मृत्यूनंतर. या उलट्या साखळीला आपण भाररेषा म्हणू. ती कमानीच्या जाडीच्या आत राहते तोवर कमान उभी. ती कडेपर्यंत सरकली की तिथला सांधा उघडतो आणि दार बिजागरीवर फिरावे तशी कमान तिथे फिरू लागते. अशा पुरेशा बिजागऱ्या तयार झाल्या की ती पडते. तेव्हाही दगड बहुधा धडधाकटच असतात. बिघडलेला असतो तो समतोल.

या कल्पनेचा एक मोठा उपयोग रोममध्ये झाला. अठराव्या शतकात सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या घुमटाला उभ्या भेगा पडल्या आणि तो कोसळणार अशी भीती पसरली. पदुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले. त्यांनी घुमटाच्या एका फाकेचे भाग पाडले, प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात ३२ वजने केली आणि ती एका दोरीला टांगली. तिचे वळण उलटे करून घुमटाच्या नकाशावर ठेवले. ते घुमटाच्या जाडीच्या आत बसले. भेगा असल्या तरी घुमट पडणार नाही, असे पोलेनी यांनी सांगितले आणि खबरदारी म्हणून लोखंडी कडी घालायचा सल्ला दिला. त्यांचा ग्रंथ १७४८ मध्ये छापला गेला. घुमट आजही उभा आहे.

आजचा संगणक पोलेनींच्या दोरीचेच काम करतो, फक्त एका फाकेऐवजी सगळ्या इमारतीसाठी. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत मोजलेल्या आकाराचे हजारो-लाखो लहान तुकडे पाडतात, प्रत्येकाला वजन आणि कडकपणा देतात आणि एकाचा रेटा दुसऱ्यावर किती येतो ते सोडवत जातात. दुसरीत प्रत्येक दगड सुटा धरतात. सांधे उघडू शकतात, दगड घसरू शकतात. ही दुसरी पद्धत १९७१ मध्ये पीटर कंडल यांनी मांडली, तीही कड्यांतले खडक कसे घसरतात हे अभ्यासण्यासाठी. दगडी इमारत ही माणसाने नीट रचलेला खडकांचा ढीगच असल्यामुळे ती इथेही चपखल बसली.

छप्पर गेले, समतोल बदलला

आता पुन्हा पॅरिसला जाऊ. नोत्र दामचे दगडी छत जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंच आहे, आणि त्या मानाने विलक्षण पातळ, काही भागांत जेमतेम वीतभर. कमानींचे हे छत भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. बाहेरून अर्ध्या कमानींसारखे दगडी टेकू त्याच भिंतींना आत रेटत असतात. वरून लाकूड आणि शिसे यांच्या छपराचे वजन भिंतीवर बसलेले असते आणि ते या दोन्ही रेट्यांना खालच्या दिशेने वळवायला मदत करते. आठशे वर्षे हे तिघे एकमेकांना धरून होते.

आगीत त्यांतले छपराचे वजन एका रात्रीत नाहीसे झाले आणि छताचा काही भागही गेला. उद्या उरलेले छतही कोसळले तर? मग आतून बाहेर ढकलणारे कुणी उरणार नाही आणि बाहेरचे टेकूच भिंतींना आत लोटतील. ज्यांनी शतकानुशतके इमारत सांभाळली, तेच तिला पाडतील. ही भीती खरी होती. म्हणून पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होते त्या २८ टेकू-कमानींखाली भक्कम लाकडी सेंटरिंग बसवणे. ते प्रत्येक कमानीच्या बाकाला तंतोतंत बसणारे हवे होते, नाहीतर आधार एखाद्याच बिंदूवर आला असता. कारखान्यात लाकूड त्या मापाने कापून आणता आले, कारण कमानींची मापे हाताशी होती.

वाऱ्याचे गणितही करून पाहिले गेले. व्हर्साय विद्यापीठातले पाओलो व्हानुची यांनी संगणकी मॉडेलवर आगीपूर्वीची आणि आगीनंतरची इमारत उभी केली आणि वाऱ्याचा जोर वाढवत नेला. आगीपूर्वी कॅथेड्रल ताशी सुमारे २२० किलोमीटरचा वारा सोसू शकले असते. आगीनंतर धोक्याची पातळी ताशी सुमारे ९० किलोमीटरवर उतरली, असे त्यांचे उत्तर आले. १९९९ च्या डिसेंबरातल्या वादळात पॅरिसने ताशी १५० किलोमीटरहून वेगवान वारा पाहिला होता. तेव्हा छप्पर होते, म्हणून इमारत निभावली. आता साध्या हिवाळी वादळाचीही धास्ती होती. असे आकडे काही गृहीतकांवर उभे असतात, ते ब्रह्मवाक्य नव्हे. पण काम आधी कुठे करायचे, हे ठरवायला त्यांचा आधार मिळतो.

आणखी एक संकट वर लटकत होते. आगीच्या वेळी सुळक्याच्या दुरुस्तीसाठी लोखंडी परांची बांधलेली होती. सुमारे ४० हजार नळ्यांची ती परांची आगीत वितळून, वाकून, एकमेकींना चिकटून छतावर तशीच उभी राहिली. ती घसरली असती तर उरलेले छतही गेले असते. तिच्यावर सेन्सर बसवले. थोडीही हालचाल झाली की भोंगा वाजे आणि कामगार बाहेर पडत. छताखाली माणसांनी जाणे धोक्याचे होते, म्हणून खालचा ढिगारा दूरनियंत्रित यंत्रांनी उचलला. दोरांना लटकून काम करणाऱ्या कामगारांनी २०२० मध्ये ती परांची तुकड्या-तुकड्याने कापून काढली. त्यानंतरच सगळ्यांचा जीव खाली पडला.

स्कॅनरला न दिसलेले लोखंड

एवढे वाचून वाटेल, मापे घेतली की झाले. तसे नाही. स्कॅनर फक्त पृष्ठभाग पाहतो. भिंतीच्या पोटात काय आहे, ते त्याला कळत नाही.

नोत्र दामनेच याचा धडा दिला. आगीने आणि नंतरच्या कामाने वरच्या भिंती उघड्या पडल्या, तेव्हा दगडांना एकमेकांशी जखडणारे लोखंडी आकडे मोठ्या संख्येने दिसले. संशोधकांनी त्यांचे नमुने तपासले, कालमापन केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ११६० च्या दशकात, म्हणजे बांधकामाच्या सुरुवातीपासूनच, हे आकडे वापरले होते. एवढ्या प्रमाणावर लोखंड वापरणारे हे सर्वांत जुने ज्ञात गॉथिक कॅथेड्रल ठरले. अब्जभर ठिपक्यांत या लोखंडाचा मागमूसही नव्हता.

भिंतीच्या पोटाचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली माळवदाची घरे बाहेरून भक्कम दिसत. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. पण त्या भिंतींना दगडांचे दोन सुटे पदर होते आणि मधे मातीत टाकलेले गोटे. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. जमीन हलताच पदर सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर आले. बाहेरून मोजल्या असत्या, तर या भिंती आणि आरपार दगड घालून बांधलेल्या भिंती संगणकाला सारख्याच दिसल्या असत्या.

म्हणून चांगले मॉडेल नुसत्या आकारावर थांबत नाही. भिंतीत बोटभर छिद्रातून बारीक कॅमेरा सरकवून पोकळी पाहतात. रडारच्या लहरी सोडून आतले थर ओळखतात. उष्णतेच्या कॅमेऱ्याने ओल कुठे मुरली आहे ते शोधतात. चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत नेतात.

सर्वांत नामी युक्ती आहे थरथर मोजण्याची. प्रत्येक इमारत वाऱ्याने, रस्त्यावरच्या वाहनांनी, घंटांच्या आवाजाने सतत अगदी किंचित थरथरत असते. माणसाला ते जाणवत नाही. संवेदनशील सेन्सरला जाणवते. कुंभार मडक्यावर टिचकी मारून आवाजावरून ते पक्के आहे की तडकलेले ते ओळखतो, तसेच हे. मनोरा सेकंदाला किती वेळा डोलतो हे मोजायचे, मग संगणकातला मनोरा तितक्याच वेळा डोलतो का ते पाहायचे. डोलत नसेल तर आपण गृहीत धरलेला दगडाचा कडकपणा, पायाचा मऊपणा किंवा सांध्यांची अवस्था चुकली आहे. ती बदलत जायची, दोन्ही आकडे जुळेपर्यंत. या जुळणीनंतरच मॉडेलला प्रश्न विचारण्यात अर्थ असतो.

आणि मग विचारायचे प्रश्न खूप असतात. शेजारी भुयारी रेल्वे गेली तर? ही भेग आणखी रुंदावली तर? लोखंडी पट्टी इथे घातली तर रेटा दुसरीकडे सरकेल का? खऱ्या इमारतीवर प्रयोग करता येत नाही, ती एकच असते. मॉडेल हवे तितक्या वेळा पाडून पाहता येते.

परत उभे राहताना

नोत्र दामच्या छपराची लाकडी चौकट जळून गेली, पण तिचाही कागदोपत्री जीव वाचला होता. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक ट्रँटसो या दोन वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये ती तुळईनिशी मोजून, हाताने रेखाटून ठेवली होती. त्या आराखड्यांवरून सुतारांनी सुमारे दोन हजार ओकवृक्षांच्या लाकडातून छपराची चौकट आणि सुळका पुन्हा घडवला. अनेक तुळया जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासल्या. यात विरोधाभास काही नाही. संगणकाने आकार दिला, आणि हात सुतारांचेच लागले.

छतातून पडलेले कमानीचे दगडही फेकले गेले नाहीत. ते क्रमांक घालून ठेवले, एकेकाचे स्कॅन केले आणि संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर त्यांची मूळ कमान जुळवून पाहिली. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातले लिव्हियो दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रे, स्कॅन, दगडांच्या तपासण्या, लाकडाचे अहवाल हे सगळे एकाच त्रिमितीय प्रतिकृतीला जोडत नेले. म्हणजे पडद्यावर एका दगडाला बोट लावले की त्याची सगळी माहिती समोर यावी. एखाद्या रुग्णाच्या जुन्या केस पेपरसारखे ते आहे. पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभियंत्याला आज काय केले, का केले, कोणता दगड बदलला हे शोधत बसावे लागणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल लोकांसाठी पुन्हा उघडले.

आपल्याकडचे दगड

आपल्या खिशातल्या जांभळट शंभराच्या नोटेच्या मागच्या बाजूला गुजरातमधल्या पाटणची ‘रानी की वाव’ आहे. ही कोरीव पायविहीर स्कॉटलंडच्या एका चमूने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने २०११ मध्येच लेझरने मोजली आहे. तेव्हा हे तंत्र आपल्याला परके नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा तमिळनाडूतला जिंजी. किल्ल्यांवर आगीपेक्षा मोठा शत्रू आहे पाऊस. तटाच्या मागे मातीची भर असते. पाणी जायच्या वाटा बुजल्या की ती माती भिजून जड होते आणि तटाला बाहेर ढकलते. सांध्यांतला चुना धुपून जातो. मग वड-पिंपळाचे मूळ त्यात पाचरीसारखे शिरते. तटाला आधी पोट सुटते आणि एखाद्या पावसाळ्यात तो ढासळतो. आपल्याला तो एका रात्रीत पडल्यासारखा वाटतो, पण त्याचे पोट अनेक वर्षे हळूहळू सुटत आलेले असते.

मोजणीचा खरा उपयोग इथे आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा त्याच तटाचे स्कॅन केले, दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर कुठला भाग दोन सेंटिमीटर पुढे आला ते रंगाने उठून दिसते. सगळीकडे डागडुजी करायला पैसा नसतो. आधी कुठे जायचे हे तरी कळते. चुन्याच्या जागी सिमेंट भरले तर काय होईल, याचाही विचार आधी करता येतो. सिमेंट कडक असते, ओल अडवून ठेवते, आणि मग झीज सांध्याऐवजी दगडाची होऊ लागते.

यासाठी दर वेळी महागडे यंत्र लागतेच असे नाही. एकमेकांवर दोन-तृतीयांश तरी येतील अशी शे-दोनशे छायाचित्रे वेगवेगळ्या कोनांतून घेतली, तर संगणक त्यांतून त्रिमितीय आकार काढतो. आपले दोन डोळे दोन किंचित वेगळ्या चित्रांवरून अंतर ओळखतात, तीच ही युक्ती. साधा मोबाइलही चालतो. फक्त चित्रात माप कळेल अशी पट्टी ठेवायची आणि तारीख नोंदवायची. ड्रोन उडवायचा असेल किंवा संरक्षित वास्तूवर असे काम करायचे असेल, तर रीतसर परवानगी घ्यायची. गावातले जुने मंदिर, बारव, वाडा, वेशीची कमान यांची अशी नोंद एखादी शाळा किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय करू शकते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. डिजिटल नोंदही नाशवंत असते. हार्ड डिस्क बिघडतात, फाइल उघडणारी सॉफ्टवेअर बाजारातून जातात, प्रकल्प संपला की संगणक अडगळीत पडतो. टॅलन गेल्यावर त्यांची मोजणी त्यांच्याबरोबर गेली असती, तर आगीनंतर तिचा काहीच उपयोग झाला नसता. म्हणून नोंद एकाहून अधिक ठिकाणी, कुणालाही उघडता येईल अशा स्वरूपात, आणि कुणीतरी तिची जबाबदारी घेऊन ठेवावी लागते. दर काही वर्षांनी ती उघडून पाहावी लागते.

पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा तटाकडे जरा तिरप्या नजरेने, भिंतीला गाल लावल्यासारखे पाहा. कुठे पोट सुटलेले दिसले, सांधा उघडलेला दिसला, तर त्याचे छायाचित्र घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा एक छायाचित्र घ्या. फरक त्या दोघांत दिसेल, एकट्या छायाचित्रात नाही.